नव्या फ्लॅटमध्ये सामान लावायच्या आधी डीबी उघडून बघा

पुण्या-मुंबईत पहिलं घर भाड्याने घेणारा माणूस पाणी किती वाजता येतं ते विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो, डिपॉझिटवरून घासाघीस करतो. डीबीचं, म्हणजे घरातल्या विजेच्या खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडून आत काय बसवलंय ते पाहणारे मला इलेक्ट्रिकलच्या ठेकेदारीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकीचे बोलावतात ते सॉकेट वितळल्यावर. हा लेख त्या बाकीच्यांसाठी.

नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२३ची सुरक्षा नियमावली आहे, राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आहे, वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे, आणि आपल्याकडचा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६. तुम्हाला यातलं एकही वाचायची गरज नाही. समोर नियम आला किंवा एखादं उपकरण आलं की एवढंच विचारायचं, की हे नेमकं कोणाला वाचवतं? तुम्हाला, भिंतीतल्या वायरला की शेजाऱ्यांना? बहुतेक चुका इथेच होतात. वायरला वाचवणाऱ्या खटक्याच्या भरवशावर लोक स्वतः निर्धास्त राहतात.

पायरी १: हद्द कुठे संपते ते समजून घ्या

मुंबई शहरात वीज बेस्टची, उपनगरांत अदानी किंवा टाटाची, भांडुप-मुलुंडपासून पुढे आणि पुण्यात महावितरणची. कंपनी कोणतीही असो, तिची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढची वायर, डीबी, पॉईंट, अर्थिंग हे सगळं घरमालकाचं, म्हणजे रोजच्या वापरात तुमचं. जिना, पार्किंग, मीटरची खोली आणि वर जाणारा इलेक्ट्रिक डक्ट सोसायटीचा. घरातले दिवे गेले तर आधी शेजाऱ्याकडे दिवे आहेत का बघा. त्याच्याकडे असतील तर वीज तक्रारीच्या १९१२ क्रमांकाला फोन लावण्याआधी स्वतःचा डीबी आणि मीटरजवळचा कटआउट, म्हणजे फ्यूज, बघायचा.

मीटरच्या पुढचं काम कोणी करायचं, यालाही नियम आहे. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवं, आणि नवीन जोडणी घेताना किंवा लोड वाढवताना कंपनी त्याच ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला 'आमचा पोरगा येऊन करून जाईल' म्हणतो तेव्हा पोराला पंखा लावू द्या, डीबीला हात लावू देऊ नका.

पायरी २: डीबी उघडा

दाराच्या मागे किंवा हॉलच्या कोपऱ्यात डीबी असतो. झाकण उघडल्यावर रुंद, दोन किंवा चार खांबांचा एक खटका दिसायला हवा, त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण. तो आरसीसीबी. जुने वायरमन आणि घरमालक त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. बाजूला रांगेत असलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी.

एमसीबी वायरला वाचवतो. ठरलेल्या अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहू लागला, की भिंतीतली वायर तापून जळायच्या आत तो पडतो. तुम्ही ओल्या हाताने फेजला, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरीला, धरलं तर तुमच्यातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात नगण्य असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी तुम्हाला बघून डोळासुद्धा मिचकावणार नाही.

माणसाला वाचवतो आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत तोलत असतो. मधे कुठे तरी गळती झाली, म्हणजे करंट गिझरच्या बॉडीतून किंवा तुमच्या अंगातून जमिनीकडे गेला, तर फरक पडतो आणि तो सेकंदाच्या छोट्याशा भागात पुरवठा तोडतो. घरासाठी हा फरक ३० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे खटक्यावर '३० एमए' किंवा '०.०३ ए' असं छापलंय का ते बघा. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर तो माणसाच्या संरक्षणासाठी नाही. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात धरले तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब असता.

टेस्टचं बटण दाबा. ताबडतोब पडला पाहिजे. नाही पडला तर बदलायचा, 'बघू नंतर' नाही. पुढे महिन्यातून एकदा दाबत चला, वीजबिल भरता त्याच दिवशी.

माझ्या कामात सर्वांत जास्त वेळा दिसणारा गुन्हा सांगतो. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडू लागतो. गॅलरीतल्या पॉईंटमध्ये पाणी गेलेलं असतं किंवा गिझरचं एलिमेंट फुटलेलं असतं. भाडेकरू वैतागतो, कोणाला तरी बोलावतो, आणि तो माणूस पाच मिनिटांत वायर थेट जोडून आरसीसीबीला वगळून टाकतो. 'आता नाही पडणार.' खरंय, आता तो कधीच पडणार नाही. खटका जागेवर दिसतो, दांडी वर असते, आत काहीच जोडलेलं नसतं. टेस्ट बटण दाबायला सांगतो ते यासाठी. खरी गळती शोधायची असेल तर सगळ्या प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी उचलत जा. कोणत्या खोलीला तो पडतो ते समजतं. मग त्या खोलीतली उपकरणं एकेक करून लावायची. सगळ्या प्लग काढलेल्या असूनही पडत असेल तर दोष भिंतीत आहे, तिथे वायरमनच लागतो.

आता एमसीबीचे आकडे वाचा. दिव्या-पंख्याच्या सर्किटला ६ किंवा १०, साध्या पॉवर पॉईंटला १६, गिझर-एसीला २० असं साधारण असतं. त्यामागची तांब्याची वायर अनुक्रमे १.५, २.५ आणि ४ चौरस मिलिमीटरची. ही जोडी जुळायला हवी. एका घरात एसी लावल्यावर एमसीबी पडत होता म्हणून कोणी तरी ३२चा बसवून दिला होता. मागची वायर १.५ची. एमसीबी पडायचा थांबला आणि दीड महिन्यात भिंतीतला पाइप काळा पडला. खटका मोठा करायचा असेल तर आधी वायर जाडी करावी लागते, उलटं कधीच नाही. वायर घेताना आयएस ६९४ आणि आयएसआय मार्क बघा, आणि एफआरएलएस (आग सहज न पसरवणारा, कमी धुराचा) किंवा हॅलोजनमुक्त प्रकार मागा. आग लागली तर ती कमी धूर करते, आणि बंद फ्लॅटमध्ये जीव बहुतेक वेळा धुरानेच जातो.

अर्थिंग डोळ्यांनी दिसत नाही. वायरमनला मीटर घेऊन सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजायला सांगा. २३०च्या आसपास हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याच्या जवळ, दोन-तीन व्होल्टच्या आत. फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर चप्पल घालून वावरणं हा उपाय नव्हे, अर्थिंग तुटलेलं आहे. थ्री पिनची वरची जाड पिन मुद्दाम लांब असते, कारण ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेली इस्त्री मी अजूनही पाहतो.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी पट्टीवरून गेलेलं वायरिंग अजून सापडतं. तिथे राहायला जात असाल तर अर्थ वायर आहे का इथूनच सुरुवात करावी लागते, आणि एसी-इंडक्शनचा विचार वायरिंग बदलल्यावरच.

पायरी ३: लोडचा हिशेब

वॉटला २३०ने भागलं की अँपिअर येतात. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी ८.७ अँपिअर घेते, दीड हजार वॉटची किटली साडेसहा. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्या तर पंधरा अँपिअरच्या वर जातं, आणि बोर्ड असतो सहाचा. त्याची वायर कापसासारखी पातळ. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, त्यामुळे 'थोडंसंच जास्त' असं काही नसतं.

सॉकेट दोन मापांची येतात, ६ आणि १६ अँपिअर, म्हणजे आपण ज्यांना अजून पाच आणि पंधरा म्हणतो ती. गिझर, एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन यांना सोळाचा स्वतंत्र पॉईंट. मोठ्या प्लगला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा अ‍ॅडॅप्टर दुकानात मिळतो. तो मिळतो म्हणजे चालतो असं नाही. सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लग काढताना गरम लागणं, किंवा खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा, कधी कधी चक्क सुकटीसारखा वास येणं, यांपैकी काहीही दिसलं तर तो पॉईंट त्याच दिवशी बंद. आत ढिला स्क्रू असतो आणि तिथे ठिणगी पडत असते. ढिल्या सांध्याला एमसीबी ओळखत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. घरात दोन एसी, गिझर आणि इंडक्शन असेल आणि मंजूर भार दोन किलोवॉट असेल तर लोड वाढवून घ्या. हे मालकाच्या नावाने करावं लागतं, म्हणून करारावर सही करायच्या आधी बोला. नंतर 'एसी तुम्ही लावला, तुम्ही बघा' हे ऐकावं लागतं.

पायरी ४: खरेदी करताना शिक्का बघा

गिझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, वायर, स्विच, प्लग यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि मार्काच्या खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइल चार्जर, पॉवर बँक, लिथियम सेल यांच्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात दोन्ही क्रमांक टाकून दुकानातच तपासता येतात. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

गणपतीच्या आणि दिवाळीच्या माळा वजनावर घ्यायच्या असतील तर घ्या, पण थर्माकोलच्या आराशीवर त्या रात्रभर जळत ठेवून गावाला जाऊ नका.

पायरी ५: बाथरूम

गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर हवा, निदान शॉवरचं पाणी पोहोचणार नाही इतका लांब. साठवणीच्या गिझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातून थेंब गळतात म्हणून प्लंबर तो बंद करून देतो, तसं करू देऊ नका. रॉडने पाणी तापवत असाल तर बादली प्लॅस्टिकची, पाण्याला हात लावायच्या आधी स्विच बंद आणि प्लग बाहेर. आरसीसीबी नसलेल्या घरात रॉड वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर विजेचा प्रश्नच वेगळा, तिथे कार्बन मोनॉक्साइडने माणसं अंघोळ करता करता गेली आहेत. तो बाहेर काढा.

पायरी ६: इन्व्हर्टरची बॅटरी

लेड-अ‍ॅसिडची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते. म्हणून ही बॅटरी कपाटात, पलंगाखाली किंवा देवघराच्या शेजारी ठेवायची नाही. हवा खेळती असलेली गॅलरी किंवा पॅसेज, पण जिन्याकडे जाणारा रस्ता अडवून नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि टर्मिनलवर पांढरी बुरशी आली की साफ. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना दुकानदाराला जुनी द्या, पैसेही वळते होतात.

पायरी ७: लिथियम, म्हणजे स्कूटरची बॅटरी

इथे जरा थांबू या, कारण वायरिंगच्या चुका महिनोन्‌महिने धुमसतात आणि लिथियम काही मिनिटांत घर घेते.

मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. दुचाकी-तिचाकीच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक त्यानंतर कडक झालं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२पासून, दुसरा ३१ मार्च २०२३पासून. एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलमध्ये पसरू नये आणि चालकाला आधी इशारा मिळावा, हा त्याचा गाभा. जुनी गाडी घेताना ती या तारखांच्या आधीची की नंतरची हे विचारा, आणि बॅटरी कधी उघडून 'रिपेअर' केलीय का हेही.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या गाड्यांना नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण नोंदणी नको म्हणजे तपासणी नको, असं नव्हे. अशा मॉडेललाही तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडची सर्वांना माहीत असलेली संस्था म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय. विक्रेत्याकडे ते प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान.

लिथियमचा सेल आतून बिघडला की स्वतःच उष्णता तयार करतो, ती शेजारच्या सेलला देतो, आणि साखळी सुरू होते. प्लग काढून ती थांबत नाही. बाहेर येणारा वायूही ज्वलनशील आणि विषारी. म्हणून पुढचं सगळं लिहितोय. चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरायचा. उन्हातून आलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यायची, मग लावायची. गादी, सोफा, पडदा यांच्यापासून लांब, फरशीवर. घरातली माणसं झोपलेली असताना नाही. आणि फ्लॅटच्या मुख्य दाराजवळ तर नाहीच. जवळचा पॉईंट तिथे असतो म्हणून सगळे तिथेच लावतात, आणि पेटली तर बाहेर पडायचा एकच रस्ता तीच अडवते. बॅटरी फुगली, सिसकारी ऐकू आली, थिनरसारखा गोडसर वास आला, तर तिला उचलून नेण्याचं शौर्य दाखवू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढा.

पार्किंगमध्ये चार्ज करणं केव्हाही बरं, पण कसं करता ते महत्त्वाचं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली लोंबणारी एक्स्टेन्शनची वायर हे आता पुण्यातल्या सोसायट्यांचं नेहमीचं दृश्य झालंय. पातळ वायर पंचवीस मीटर लांब गेली की व्होल्टेज पडतं, सांधे तापतात, पावसाचं पाणी थेट प्लगमध्ये उतरतं. वायर जास्त झाली म्हणून गुंडाळी करून ठेवली तर ती गुंडाळीच शेगडी होते. जिन्याच्या दिव्याच्या पॉईंटवरून चार्ज करणं म्हणजे सोसायटीची वीज, शिवाय ते सर्किट सहा अँपिअरचं.

रीतसर मार्ग आहे. केंद्राच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली. फेब्रुवारी २०२४मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्कही मिळाला. सोसायटीला लेखी अर्ज द्या, परवानाधारक ठेकेदाराकडून तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपमधून वायर ओढा, तिथे स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि झाकणाचा सोळाचा सॉकेट. कमिटी 'आग लागेल' म्हणून नकार देत असेल तर त्यांना नम्रपणे गॅलरीतून लोंबणाऱ्या वायरी दाखवा.

पायरी ८: मीटरची खोली, जिना आणि फॉर्म बी

बऱ्याच इमारतींत मीटर जिन्याखाली असतात आणि मीटरसमोर स्कूटरी लावलेल्या असतात. मीटर पेटला की पेट्रोल, मग जिना, मग धूर वर. तुमची गाडी तिथे लावायला सांगितली तर दुसरी जागा मागा. इलेक्ट्रिक डक्टमध्ये झाडू-बादल्या, रद्दी, जुने टायर ठेवलेले दिसले तर सेक्रेटरींना फोटो पाठवा. जिन्यातल्या चपलांच्या रॅकवरून भांडण ओढवून घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी घेतलंय.

२००६च्या अधिनियमाखाली येणाऱ्या इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. उंच इमारतीत राहायला जाताना ते बघायला मागा. कागद असूनही होज रीलच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या, पेटीला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. रेफ्यूज एरिया, म्हणजे आग लागल्यावर थांबायची मोकळी जागा, कोणत्या मजल्यावर आहे तेही एकदा चढून पाहून या. तिथे कोणाची कपडे वाळत घालायची दोरी किंवा जुना सोफा सापडण्याची शक्यता बरीच आहे.

घरात आग विझवायचा एक एबीसी पावडरचा आयएसआय सिलिंडर ठेवा, स्वयंपाकघराच्या आत नको, बाहेर, दाराजवळ. काटा हिरव्यात आहे का ते अधूनमधून बघा. विजेची आग असेल तर आधी मेन बंद, पाणी नाही. लिथियमच्या आगीला हा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण आतली उष्णता काढत नाही, ती पुन्हा पेटते. ते काम अग्निशमन दलाच्या पाण्याचं. त्यामुळे तिथे लढत बसू नका. १०१ किंवा ११२, लिफ्ट नाही, धूर असेल तर वाकून, आणि बाहेर पडताना दार ओढून घ्या. कुलूप मात्र लावू नका, जवानांना ते फोडत बसावं लागतं.